बोटाचा जोर

"काऊन रे, महाराज तोतरे झाले काय?" महादेवरावांनी अंथरुणावरून विचारलं.

"थांबा ना बाबा, करूनच राह्यलो." प्रफुल्लनं उभ्या उभ्या फोनच्या पडद्यावर पुन्हा बोट मारलं. "विठ्... विठ्..." एवढं म्हणून आवाज पुन्हा तुटला.

तळेगावच्या सप्ताहात आज काल्याचं कीर्तन होतं. महादेवराव तिथं दरवर्षी वीणा घेऊन उभे राहत. यंदा कंबरेचं हाड मोडलं आणि ते हिंगणघाटच्या या खोलीत खिळले. त्यांची लेक रक्षा मांडवातून मोबाइलवर थेट कीर्तन दाखवत होती. हंडी फुटली की संपलं. मग काला पुढच्या सालीच, आणि पुढचं साल महादेवरावांनी कोणाला कबूल केलेलं नव्हतं.

प्रफुल्ल पुण्यात फोनच्या कंपनीत होता. फोनच्या आत कोणत्या कामाला कधी पाळी द्यायची, हे ठरवणारा भाग तो लिहायचा. बोट लागलं की बाकीची कामं मागं सारून पडद्याला जोर द्यायचा, हा नियम त्याचाच. काल आल्या आल्या वडिलांच्या फोनमध्येही त्यानं तोच टाकला होता, चाचणी म्हणून.

जोर कमी पडतो, असं वाटून त्यानं लॅपटॉपवरून तो वाढवला. बोट मारलं. आवाज जास्तच तुटला. आणखी वाढवला. पुन्हा बोट.

"फोनचीच नोकरी करते, अन् बापाले कीर्तन आयकवता येत नाई," त्याची आई प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या. "तिकडं हंडी बांधून राह्यले ना!"

प्रफुल्ल पुन्हा फोनकडे वळला. त्यानं बोट उगारलं, तोच महादेवरावांनी त्याचं मनगट धरलं. पकड अजून विणेकऱ्याची होती. प्रफुल्ल खाटेच्या कडेवर टेकला.

आणि आवाज सरळ झाला. टाळ, मृदंग, मग महाराजांचा मोकळा स्वर. प्रमिलाबाईंचे हात आपसूक जुळले.

प्रफुल्ल चपापला. दर वेळी त्याचंच बोट पडद्याला जोर देत होतं आणि आवाजाची पाळी हुकत होती. मोकळ्या हातानं त्यानं लॅपटॉप ओढला. आवाज चालू असेल, तर बोटाच्या जोराला लगाम. एवढं लिहून तो वडिलांकडे वळला.

"बाबा, बोटानंच बिघडून राह्यलं, हे तुम्हाले कसं समजलं?"

महादेवरावांनी डोळे उघडले नाहीत. मनगटही सोडलं नाही.

"मले काय समजते फोनातलं? तू आला तवापासून भिरभिरूनच राह्यला. म्हटलं, बसवावं जरा माह्यापाशी."