कमी ऑक्सिजनचं समीकरण

बाथरूममधून नवऱ्याचं बेसूर गाणं सुरू झालं, तशा केमिस्ट्रीच्या बाई करवादल्या, "अहो, निदान खिडकी तरी लावा, गल्लीभर ऐकू जातंय!" खिडकी धाडकन लागली. बाई पुन्हा लेकीकडे वळल्या. परीक्षा तोंडावर, आणि हिला साधं गॅस जळण्याचं समीकरण जुळवता येईना!

बऱ्याच डोकेफोडीनंतर लेक म्हणाली, "आई, ऑक्सिजन कमी घेतला तरी जुळलं की! फक्त कार्बन डायऑक्साइडच्या जागी मोनॉक्साइड आला."

"अगं बावळट, तो विषारी वायू! घरात कसा होईल? दारं-खिडक्या बंद असल्या तरच..."

बाईंनी झटकन बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं.



बाथरूममध्ये गॅसचा गिझर भणभणत होता. गाणं मात्र केव्हाच थांबलं होतं.