रिकामं वल्हं

"अदलाबदल!" सर मोटरबोटीतून ओरडले.

दोन्ही होड्या एकमेकींना खेटून थांबल्या. चिमणी या होडीतून त्या होडीत गेली, आणि सरावाला नुकतीच यायला लागलेली, म्हणून सगळ्या जिला 'नवी' म्हणायच्या, ती तिकडून इकडे आली. होडीलाच ठोकलेल्या बुटांत पाय घालत नवी म्हणाली, "अजून गरम आहेत गं."

कुणी हसलं नाही.

बाकीच्या सहाजणी जिथल्या तिथे. बदलायच्या फक्त या दोघी. दोन्ही वेळा जिची होडी पुढे, तिला संघात जागा. पहिली शर्यत चिमणीने जिंकली होती, थोडक्यात.

हा सगळा घाट सरांनी मुद्दाम घातला होता. कारण चिमणी त्यांची मुलगी. "तू कशाला घाम गाळतेस? बाबांना सांग, होडी आपोआप पळेल," असं कपडे बदलताना मुली तिला ऐकवायच्या. ती हसण्यावारी न्यायची. मग नळ सोडून रडायची. हे फक्त उंटिणीला माहीत होतं. उंटीण तिची जिवलग मैत्रीण, आणि आता नवीच्या होडीत. होडीत सगळ्या, होडी जाते तिकडे पाठ करून, उलट्या तोंडाने बसतात. उंटीण सगळ्यांच्या पाठीमागे. तिच्याकडे कुणाचीच नजर जात नाही.

"चला!"

टाक. ओढ. उचल.

टाक. ओढ. उचल.

टाक. उचल.

टाक. उचल.

ताल चुकला नाही. पातं वेळेवर पाण्यात, वेळेवर बाहेर. मोटरबोटीतून सरांनाही काही दिसलं नाही. फक्त होडी जड झाली. नवीची मान लालबुंद झाली होती. उंटिणीला तिकडे बघवेना.

हरल्या. चांगल्याच.

"काय गं, काय झालं?" धक्क्यावर सरांनी नवीला विचारलं.

"दम पुरला नाही, सर."

होडी धुताना नवी पाण्याची नळी घेऊन उंटिणीशेजारी आली. हळूच म्हणाली, "प्रत्येक वल्हं पाण्यात भोवरा सोडतं. मागच्यांचे भोवरे माझ्या शेजारून जातात. तुझे आलेच नाहीत."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"हरलेलीचं कोण ऐकतं?" आणि ती नळी गुंडाळायला लागली. नीट, एकावर एक वेटोळं.

उंटिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात चिमणी धावत येऊन तिच्या गळ्यातच पडली. "बाबांनी घड्याळसुद्धा दुसऱ्याच्या हातात दिलं होतं! आता बोलू देत ना कुणाला काय बोलायचंय ते!"

"मी ओढलंच नाही," उंटीण म्हणाली.

"काय?"

"नवी बसल्यावर. नुसतं वल्हं बुडवत होते. तुझ्यासाठी."

'तुझ्यासाठी' हा शब्द तोंडातून पडला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

चिमणीचे हात तिच्या गळ्यातून सुटले.

"मी आत्ता सांगते सरांना," उंटीण घाईघाईने म्हणाली. "उद्या परत शर्यत लावतील."

"लावू देत," चिमणी म्हणाली. "आणि उद्याही मी जिंकले, तर या वेळी माझ्यासाठी कोण ओढत नव्हतं, हे कुणाकुणाला विचारत फिरू?"