सरांची बुरशी

"तू फायलींचा घोळ घातला आहेस! विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा माझ्या बुरशीतल्या प्रथिनासारखा कसा निघेल? बुरशीवर हयात घालवली आहे मी!" गाईड टिपणीससरांनी शाल्मलीचा पीएचडीचा प्रबंध सगळ्यांदेखत प्रयोगशाळेच्या टेबलावर आपटला.

ती वाद घालत बसली नाही. तिनं दोन पारदर्शक कागद त्यांच्यापुढे सरकवले. प्रथिन ज्या भागानं डीएनएला घट्ट धरतं, त्या भागाची चित्रं होती ती. एक विषाणूचं, एक बुरशीचं. नावं मुद्दाम खोडलेली. "यातलं तुमच्या बुरशीचं कोणतं, सर?"

सर तुच्छतेनं हसले. त्यांचं बोट क्षणात डावीकडच्या कागदावर पडलं. "हे! बाप पोटच्या पोराला ओळखणार नाही होय?"

"ते विषाणूचं आहे," शाल्मली म्हणाली.

सरांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. वळणावर वळण बसलं.

"उद्यापासून दुसरा गाईड शोध," ते पाठमोरेच गुरगुरले.

दोन्ही कागद मात्र त्यांनी स्वतःच्या खणात ठेवले आणि कुलूप लावलं.