वकीलबाई

“काय म्हणाला तो?” गोदामवाल्या काकांनी तिला विचारलं.

ती खुर्चीतल्या खुर्चीत फुलली. हा तिचा सगळ्यात लाडका प्रश्न. दादाची जीभ जन्मापासून जड. शब्द तोंडात घोळत, आपटत, निम्मे आकार हरवून बाहेर पडायचे. आईलाही कधीकधी दोनदा विचारावं लागायचं. हिला मात्र सगळं कळायचं, आणि पुष्कळदा तर त्याने तोंड उघडण्याआधीच!

“तो म्हणतोय की...”

“त्यालाच विचारा ना,” केंद्रातल्या ताई म्हणाल्या.

झालं. पुन्हा या मध्ये! दिव्यांगांना नोकरी मिळवून देणाऱ्या सरकारी केंद्राने या ताईंना दादासोबत पाठवलं होतं. बस आगारात काकांच्या गोदामाला लागूनच हरवलेल्या वस्तू परत देण्याची एक खिडकी होती आणि तिथे आज दादाची परीक्षा होती. आगाराच्या साहेबांची अट एकच. लोकांशी त्याचं त्याने बोलायचं. जमलं तर उद्यापासून कामावर. दुसऱ्या कुणाला तोंड घालावं लागलं, तर घरी.

काकांनी दादाला परत विचारलं. दादाने मान तिरकी केली, खुर्चीचा हात घट्ट धरला आणि परत सांगितलं. काकांच्या कपाळावर आठ्या. तिसऱ्यांदा सांगितलं.

“पंखा! पंखा लावू?”

“हां!” दादा एवढा खूश झाला, जसा काही काकांचाच पहिला नंबर आला होता.

एका पंख्यासाठी तीन वेळा! तिने एका झटक्यात सांगितलं असतं. पण ताई गालातल्या गालात हसत होत्या आणि आपली निळी बाटली दादापुढे धरून, स्ट्रॉ वाकवून त्याला पाणी पाजत होत्या. स्ट्रॉ तशी वाकवायची युक्ती हिची होती, हिची! ताईंनी ती सकाळी एकदा पाहिली आणि सरळ उचलली. हिने घरून आणलेलं पाणी पिशवीत तसंच होतं.

तेवढ्यात खिडकीवर एक बाई आल्या. घाईत होत्या, खांद्यावरची पर्स सारखी घसरत होती. “माझी छत्री राहिली हो बसमध्ये. काळी.”

दादाच्या पाठीमागे काळ्या छत्र्यांची मोळीच्या मोळी होती. इथला नियम असा की वस्तू आधी दाखवायची नाही. मालकाने खूण सांगायची, ती पटली तरच वस्तू द्यायची. दादाने दांड्याची खूण विचारली.

बाई गोंधळल्या. त्याने परत विचारलं. बाईंची नजर त्याच्यावरून घसरली, इकडेतिकडे फिरली आणि थेट हिच्यावर येऊन थांबली. “अगं, काय म्हणतायत हे?”

आता कशी वळली! तिने ताईंकडे एक विजयी नजर टाकली.

“तो विचारतोय की...”

थाड! दादाचा तळवा टेबलावर आपटला.

“मी!”

हा शब्द कुणालाच परत विचारावा लागला नाही.

ताईंचा चेहरा पडला होता. काकांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत घातला.

“वकीलबाई,” ते म्हणाले, “माझे कान जरा अधू आहेत. आत्ताचं मला ऐकू आलं नाही. पुढचं येईल. तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसलेलं बरं.”

ती बाहेर आली. डोळे चुरचुरत होते. बसू दे त्याला तिथे! वळेल आता. बाई कंटाळून निघायला लागतील, ताईंना काही सुचणार नाही, आणि मग दादा मान वळवून आपल्याला शोधेल. नेहमी शोधतो. ती बाकावर मुद्दाम अशी बसली की काचेतून त्याला पटकन दिसावी.

दादा वळला नाही. त्याने परत विचारलं. बाईंनी पर्स खाली ठेवली, खिडकीच्या फटीशी कान नेला. परत विचारलं.

“दांडा? हो हो, लाकडी! आणि आमच्या कुत्र्याने चावलाय तो, दातांच्या खुणा आहेत बघा!”

दादाने मोळीतून छत्री ओढून काढली. छत्री दोनदा टेबलाच्या कडेला अडकली. ताई हात मागे बांधून उभ्या राहिल्या. बाईंनी छत्री घेतली, दांड्यावरून बोट फिरवलं आणि दादाला म्हणाल्या, “देव भलं करो तुमचं.” दादाला. दुसऱ्या कुणाला नाही.

बाई गेल्या. मग दादा काकांकडे वळून काहीतरी बोलला. काका क्षणभर थांबले आणि एकदम असे हसत सुटले की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. ताईही तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. तिने काचेला नाक लावलं. दादाचे ओठ तिला लख्ख दिसत होते. नेमकी त्याच वेळी मागे एक बस घरघरत सुरू झाली.

काका डोळे पुसत बाहेर आले. ती ताडकन उठली.

“काका, काय म्हणाला तो?”

“कोण?”

“दादा. आत्ता. तुम्ही सगळे हसलात ना, ते!”

काकांनी सांगायला तोंड उघडलं. मग खिडकीकडे पाहिलं, आणि मिटलं.

“त्यालाच विचारा, वकीलबाई.”

खिडकीसमोर एव्हाना दोन माणसं येऊन थांबली होती. ती गेली आणि त्यांच्यामागे रांगेत उभी राहिली.