ताईचा पहिला घास

टोंगा बेटांवर मोआलाच्या घरी रविवारी प्रार्थनेनंतर जेवणावळ होती. थोरल्या बहिणीने पहिला घास घेतल्याशिवाय तिथे कुणी जेवत नसे. मोआलाची थोरली बहीण लविनिया चाकांच्या खुर्चीत बसली होती; मधुमेहाने तिचा एक पाय नेला होता. मोआलाने मानाने चरबीदार मटणाचं ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने ते बाजूला सारलं आणि उकडलेल्या अळकुड्या नि मासा मागितला. मोआला पुढे झाला. "ताई, माझं काही चुकलं का?" "चुकलं ते माझं. मी खात राहिले म्हणून तुम्हीही खात राहिलात. आता हे उकडलेलं खा." "पाहुणे नावं ठेवतील." "ठेवू देत. मला ठेवतील, तुला नाही." मोआला तिच्यापुढे खाली बसला. त्याने मोजा उतरवला आणि बायकोपासूनही लपवलेली अंगठ्याची चिघळलेली जखम तिला दाखवली. तिने वाकून ती नीट पाहिली, मग अळकुडीचा पहिला घास घेतला. "उद्या दवाखान्यात जाऊ. आधी जेव."