राखणदाराचा वाटा

“हात लावू नका काकी, पावडर मारलीय!”

ग्रामसेवक गुरुदास ओरडला तशी नर्मदा दचकली. भेंडीवरचा हात तिनं मागे घेतला.

गुरुदासनं नाकातोंडावर फडकं बांधलं होतं. वाऱ्याकडे पाठ करून, पावडरीची पुरचुंडी झटकत तो वाफ्याच्या टोकाला पोचला. किडीनं भेंडी पोखरली होती, लाल माठाची तर चाळण झाली होती. कचेरीत निरोप नर्मदेनंच धाडला होता. पण हा बाबा आल्या आल्या कामाला लागेल, असं तिला कुठं ठाऊक!

“पंधरा दिवस यातलं काही खायचं नाही,” साबणानं हात चोळत तो म्हणाला. “धुऊनसुद्धा नाही. उरलेल्या पावडरीचा हा डबा चुलीपाशी नको, गोठ्यात उंच टांगा. आणि रिकामा झाला की त्यात तांदूळ भरू नका हो, पुरून टाका.”

“आणि राखणदार?”

“कोण?”

दोन परसांमधल्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून एक दगड होता. नर्मदेनं तिकडे बोट केलं. जागेची राखण करणारा देव तो. परसात जे पिकेल त्यातला वाटा ती रोज तिन्हीसांजेला केळीच्या पानावर तिथं ठेवायची.

“सकाळी पान रिकामा आसता,” ती म्हणाली. “फक्त कारली तशीच रवतत. म्हणान कारली घालूची मी सोडून दिलंय.”

गुरुदासला हसू आवरेना. “देवाच्या आवडीनिवडी जबरच की! अहो, कोल्हाबिल्हा नेत असेल.”

“असात.”

“गडग्यापलीकडे कोण राहतं? त्यांनाही सांगायला हवं.”

“माझी थोरली जाव, यशोदा. अकरा वर्सां आमचा बोलणा नाय. ती माझ्या घरचा पाणी पण पिवची नाय, भाजीक कशाक हात लावतली?”

तरी गुरुदासनं दोन हाका मारून पाहिल्या. पलीकडचं दार उघडलं नाही. तो सायकलवर टांग मारून गेला आणि घर पुन्हा ओकंबोकं झालं.

घर खायला उठतं म्हणजे काय, ते नर्मदेला विचारावं. नवरा गेला, मूलबाळ नाही. दिवसभरात ती बोलायची ती मांजराशी आणि त्या दगडाशी. पावसापाण्याचं, गुडघ्याचं, सगळं दगडाला सांगायची.

दुसऱ्या दिवसापासून ती बाजारात जाऊ लागली. दोन मैल जायचं, दोन मैल यायचं, तेही दुखरा गुडघा घेऊन. विकतचा दुधी, विकतच्या वालीच्या शेंगा पानावर पडू लागल्या. स्वतः मात्र मीठ घालून पेज प्यायची.

कारण ऐकून भाजीवाल्या बाबलीला राहवेना. “देवाक काय पावडर बाधता गो?”

“बाधली तर? माका दुसरा कोण आसा?”

बाबलीनं दोन दुधी जास्त घातले.

नवव्या दिवशी नर्मदेला तापानं धरलं. उठवेना. दोन तिन्हीसांजा पानाविना गेल्या. मांजर पायथ्याशी येऊन ओरडून गेलं, बाकी कुणी चौकशीला आलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी पडल्या पडल्या तिला खिडकीतून वाफा दिसला. कीड गेली होती. भेंड्या अशा तरारल्या होत्या की कुणालाही तोडायचा मोह व्हावा. आणि राखणदार दोन दिवसांचा उपाशी! त्यानं वाफ्यात हात घातला तर?

काठी टेकत, भिंत धरत ती गडग्यापाशी पोचली. दगड हातभर अंतरावर होता, तरी ती घसा फोडून ओरडली.

“राखणदारा! भेंड्यांक विखाची पावडर मारलेली आसा! अजून चार दिस हात लावू नको! तुका काय झाला तर मी कोणाच्या आधारान रवतलंय?”

तिला धाप लागली. गडग्याला डोकं टेकून ती तशीच उभी राहिली.

“आयकलंय गो नर्मदे,” पलीकडून यशोदेचा आवाज आला. “दोन दिस पान इला नाय, तेवांच माका कळला तुका बरा नाय. दार उघडा ठेव, पेज घेवन येतंय.”