डॅश एन

टेबलाखाली तिचा पाय थांबायलाच तयार नव्हता. समोरच्या अहवालात ‘कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा’ असं छापलेलं होतं आणि सही राहिली होती ती फक्त आजोबांची. सही झाली की तिची नोकरी गेली.

आजोबा म्हणजे रक्ततपासणी केंद्राच्या संगणक विभागातले, तिच्याच विभागातले, सर्वांत जुने इंजिनीअर; सगळे त्यांना आजोबाच म्हणत. संगणकातल्या नोंदी पुसायची आज्ञा, म्हणजे कमांड, त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी लिहिली होती. इतर आज्ञांपुढे ‘डॅश एन’ टाइप केलं की काय होईल ते नुसतं दिसतं, होत काहीच नाही. आजोबांच्या आज्ञेत मात्र ‘डॅश एन’ म्हणजे विचारत बसू नकोस, करून टाक. तिने सावधगिरी म्हणून ते टाइप केलं आणि चारशे जणांचे ताजे रिपोर्ट पुसले गेले. आता त्या सगळ्यांना पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलवायचं होतं.

“सर, सगळीकडे त्याचा अर्थ ‘नुसतं दाखव’ असाच आहे.”

“सगळीकडचं सगळीकडे. माहितीपुस्तिकेत बाराव्या पानावर स्वच्छ लिहिलंय.”

“निदान आता तरी ते नाव बदलू या.”

“बावीस वर्षांत कुणाचं अडलं नाही,” आजोबा उठत म्हणाले. “नाचता येईना, अंगण वाकडं!”

विभागप्रमुख मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “वाद नंतर घाला. पाचच्या आत सही हवी मला.”

आजोबा तरातरा आपल्या जागेवर गेले. ती अहवाल घेऊन मागोमाग. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. आजोबांना पेन सापडेना. त्यांनी खण उपसला, पेनांचा डबा उपडा केला. ती ताटकळत इकडेतिकडे पाहत होती, तेवढ्यात संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कडेला एक चिठ्ठी दिसली. कागद पिवळा पडलेला, चिकटपट्टीवर चिकटपट्टी. अक्षर आजोबांचंच.

‘डॅश एन जपून! आधी कीबोर्डवरून हात उचल, मग वाच.’

“सर, ही चिठ्ठी कुणासाठी?”

आजोबांनी पटकन चिठ्ठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने काढला.

“दोनदा झालंय माझ्याकडून,” ते म्हणाले. “तेव्हा असा अहवाल घेऊन कुणी आलं नव्हतं.”

पेन शोधायचं त्यांनी सोडून दिलं. चिठ्ठी नखाने सोलली, अहवालावर ठेवली आणि स्टेपलर दाबला.

“जा, दे मॅडमना. हीच माझी सही.”